ओल्द्रनच्या नावाची ओंजळ

भाद्रपदातली पौर्णिमा झाली की आमच्या घरात दोन वास मुक्कामाला येतात, ओल्या दर्भाचा आणि जेष्ठमधाचा. दर्भ बाल्कनीतल्या बादलीत उभा असतो आणि जेष्ठमधाची काडी ह्यांच्या गालात. हे म्हणजे माझे यजमान. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगायचं काम त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. एरवी दिवसाला चार-दोन घरं येतात. पितृपक्षात मात्र पहाटे गेलेला माणूस दिवेलागणीला उगवतो, धोतर ओलं, आवाज बसलेला, आणि जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागतो. मी शाळेत गणित शिकवते. परीक्षेचे पेपर काढणं आणि घरातलं सोवळंओवळं एकाच वेळी अंगावर येतं, त्यामुळे हा पंधरवडा मला कधीच आवडला नाही. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडत नाही.

यंदाही बादलीत दर्भ आला. मखमलाबादहून सुशीलाबाई त्यांच्या मळ्यातली गवार, कारली, लाल भोपळा आणि अळू घेऊन आल्या. आणि मी कपाटावरचा तो छोटा खोका खाली काढला, पुसला, जेवणाच्या टेबलावर ठेवला. पक्षात आमच्याकडे तो टेबलावर लागतो. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून मी सहसा सांगत नाही.

खोका श्रीखंडाच्या डब्यापेक्षा जेमतेम मोठा. आत एक घडीचा पट, उघडला की ताटाएवढा होतो. त्यावर बेटं आणि बेटांमध्ये समुद्र. थोडे लाकडी मोहरे, थोडे पत्ते. दोघांनी खेळायचा खेळ, अर्ध्या तासात संपतो. एका भल्यामोठ्या इंग्रजी कादंबरीमालेवरून तो बनवलाय. ती पुस्तकं अजून निनादच्या खोलीत आहेत आणि एकेक उशाला घेण्याइतकं जाड आहे. एवढं सगळं त्यांनी ताटाएवढ्या पटावर कसं बसवलं असेल याचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं होतं. हे म्हणाले, त्यात कसलं कौतुक, आमच्याकडे माणसाचा अख्खा जन्म तीन नावांत आणि एका ओंजळीत बसवतात.

निनाद आमचा एकुलता एक. नववीत असताना त्याला त्या पुस्तकांचं वेड लागलं. ह्यांना इंग्रजी येतं ते वर्तमानपत्रापुरतं. म्हणून निनाद रोज रात्रीच्या जेवणाला त्यांना ती गोष्ट मराठीत सांगायचा. धुक्यातली बेटं, त्यांच्यावर राज्य करणारं एक घराणं आणि त्यांच्या मुळावर उठलेला समुद्र. वर्षानुवर्षं चालली ती गोष्ट. मी वाढता वाढता ऐकायची. मला त्यात फार रस नव्हता, पण बापलेक एकत्र जेवतात याचं बरं वाटायचं.

अडचण एकच होती. हे श्रोता म्हणून भयंकर.

"ओल्द्रन राजा म्हणजे कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?"

"वडील कोण? आजोबा कोण?"

"बाबा, पुढे ऐका ना. आता लढाई आहे."

"अरे, पुढे काय ऐकू? माणूस कुणाचा ते तरी कळू दे."

जन्मभर घाटावर समोर बसलेल्या माणसाला बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव विचारण्यात गेलेला माणूस. त्याला बिनबापाचा राजा चालेना. एखादा भालदार आला तरी हे घास हातात धरून थांबायचे. शेवटी निनाद नावं ठोकून द्यायला लागला. लेखकानं दिलं नसेल तिथे हा देणार. आणि ह्यांची स्मरणशक्ती ही अशी! सहा महिन्यांनी म्हणायचे, "मागे तू राणी इस्लाची आई उत्तरेच्या बेटावरची सांगितली होतीस, आता दक्षिणेची कशी झाली?" निनाद माझ्याकडे बघायचा. मी आमटी वाढायची.

त्यात त्या घराण्यात ओल्द्रन नावाचे दोघं-तिघं राजे होऊन गेलेले. घोटाळा नको म्हणून ह्यांनी आपल्या गोष्टीतल्या ओल्द्रनला आजोबाचं नाव लावून टाकलं होतं. बोरासचा नातू ओल्द्रन. आमच्या घरात म्हाताऱ्या राजाचं नाव तसंच घेतलं जायचं, पूर्ण.

हा म्हातारा पाचव्या पुस्तकात मेला. त्याचा मुलगा मेरिन समुद्रापलीकडे गेलेला. येतो म्हणून गेला आणि आला नाही. म्हातारा सिंहासनाच्या बेटावर एकटाच उरला आणि पाणी चढत गेलं. निनादनं फार रंगवून सांगितलं होतं.

ह्यांनी विचारलं, "मेरिन आला का मग?"

"नाही."

"मग त्याचं केलं कुणी?"

"काय केलं?"

"दिवस. पाणी."

"बाबा, त्यांच्यात तसलं काही नसतं."

अर्धा भात ताटात ठेवून हे हात धुवायला उठले. मी निनादला झापलं, म्हटलं, जेवताना जरा बऱ्या गोष्टी सांगत जा. कॉलेजात होता तो तेव्हा. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

मग ते वर्ष आलं. निनादला जर्मनीत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, ह्यांनी स्वतः पेढे आणून घाटावर वाटले. आणि घरी आल्यावर जे गप्प झाले ते गप्पच. निनाद काही घाटावर बसणार नाही हे त्याच्या दहावीतच ठरलं होतं, त्यावर तेव्हाच काय तो आरडाओरडा होऊन गेला होता. हे आता नवीन काय? "पाणी तापलंय", "किल्ली तिथे आहे", एवढंच बापाचं लेकाशी बोलणं. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले घसा बसलाय. मी म्हटलं, "अहो, आषाढात कसला घसा बसतो?" त्यावर जेष्ठमधाची काडी शोधायला उठून गेले.

निनादला जायचं होतं ते नेमकं पितृपक्षात. तिकडचं सत्र तेव्हा सुरू होतं, त्याला आपण काय करणार? जाण्याआधी बापाबरोबर खेळायचा म्हणून त्यानं हा खेळ परदेशातून मागवला होता. गणपतीतच यायचा, पण कुठेतरी अडकला आणि पक्षाच्या पहिल्याच दिवशी दारात हजर. मी तो तसाच बांधलेला उचलून कपाटावर ठेवला.

"आई, काय करतेस?"

"पक्षात नवी वस्तू उघडत नाहीत. घटस्थापनेला उघडू."

"घटस्थापनेला मी इथे नसेन!"

"मग मी काय करू?"

"तू गणिताची शिक्षिका आहेस, आई."

"म्हणूनच. नियम म्हणजे नियम."

सुशीलाबाई दारात पिशवी रिकामी करत होत्या. निनादला वाटलं त्या तरी त्याच्या बाजूच्या. पण त्यांनी मलाच उचलून धरलं. "नाय रं बाळा. आमच्यात तर नवी कुदळ पन वावरात नेत नाय या दिवसात. आईचं ऐक. लय कडक असतंय हे." निनाद पाय आपटत आत गेला. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आमचं घर ह्याच पंधरवड्यावर जेवतं, आणि आम्हीच तो मोडायचा हे काही मनाला पटेना.

खोका तसाच कपाटावर. रोज केर काढताना दिसायचा. खाली बॅगा भरल्या जात होत्या. चकल्या, मेतकूट, गोडा मसाला. हे पहाटे जायचे, रात्री यायचे, जेवायचे, झोपायचे. बापलेकाची गाठ दाराशीच पडायची, तीही एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. मी मनातून हबकले होते. हा मुलगा असाच न बोलता जाईल आणि हा बाप त्याला असाच जाऊ देईल, आणि मग जन्मभर दोघंही माझ्यापाशी एकमेकांची चौकशी करत बसतील, एवढंच मला दिसत होतं.

निनाद निघायच्या आदल्या दिवशी पावसानं झोडपलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुपारपर्यंत गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं. आम्हा नाशिककरांचा पूर त्या मारुतीवर मोजला जातो, गुडघा, कंबर, छाती. घाट रिकामा केला, यात्रेकरूंना वर हलवलं, आणि हे भर पक्षात, भर दुपारी घरी आले. असं मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. धोतर पिळलं, कोरडं नेसले, आणि टेबलाशी बसून निनादला म्हणाले,

"आण तो खोका."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "अहो, पक्ष आहे!"

"पक्ष तू मला सांगतेस?"

"नवी वस्तू..."

"त्यात कोण कोण आहे? ओल्द्रन, त्याची बायको, ते दोघे भाऊ. सगळे मेलेलेच ना? मग हा त्यांचाच पंधरवडा आहे. उघड रे."

निनादनं कात्री आणली.

उघडल्या उघडल्या कुरबुर सुरू. "एवढंच? अरे, केवढं घराणं ते, आणि मोहरे एवढेच? इस्लाची आत्या कुठाय?" निनाद म्हणाला, "बाबा, छोटा खेळ आहे. सगळे मावत नाहीत." हे म्हणाले, "वगळताना कुणाला विचारलं तरी का?" पण हात थांबत नव्हते. एकेक मोहरा उचलून बघत होते. मग राजाचा पत्ता हातात आला आणि चष्मा वर करून त्यांनी त्यावरची इंग्रजी ओळ अक्षर अक्षर लावून वाचली. ओल्द्रन, वाल्गरचा नातू.

"हे चुकलंय. बोरासचा नातू."

निनाद पटावरचे मोहरे सरळ करायला लागला.

"अरे, छापणाऱ्याची चूक दिसते. वाल्गर कोण?"

"बाबा," निनाद म्हणाला, "बोरास मी ठोकून दिला होता. तुम्ही फार मागे लागायचात. वाल्गरचं नाव पुढच्या पुस्तकात आलं, तोवर तुमचं पाठ झालं होतं."

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा! मी त्याच नावानं पाणी देतोय ना!"

"कुणाला?"

"ओल्द्रनला."

मग तुटक तुटक कळलं ते असं. सर्वपित्रीला सगळ्या घरांचं झाल्यावर एक ओंजळ असते, ज्यांना मागे कुणी नाही त्यांच्यासाठी. ती हे दरवर्षी स्वतः देतात. ओल्द्रन मेला त्या वर्षापासून त्या ओंजळीत हे त्याचंही नाव घेत होते. बोरासचा नातू ओल्द्रन. आणि गोत्र? गोत्र माहीत नसलं की काश्यप लावतात, तेव्हा काश्यप गोत्र. धुक्यातल्या बेटांचा राजा, काश्यपगोत्री! मला हसू आवरेना. निनाद तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. हे आधी रागावले आणि मग स्वतःच फुसकन हसले. कित्येक महिन्यांनी ते हसलेले मी ऐकले.

मग डाव मांडला. खेळ असा, की एकानं राजाचं घराणं घ्यायचं आणि दुसऱ्यानं समुद्र. समुद्रवाला पत्ता उलटतो तसं एकेक बेट पाण्याखाली जातं. घराण्यानं जिंकायचं दोन तऱ्हांनी. पत्ते संपेपर्यंत सिंहासनाचं बेट राखायचं, नाहीतर राजपुत्राला पटाच्या पार पलीकडच्या काठाला सुखरूप पोचवायचं. ह्यांनी अर्थात राजा घेतला. मेरिनला राजाला चिकटून बसवला आणि तिथून हलवला नाही. समुद्र आला, गुडघ्याला लागला, कमरेला लागला (हे तसंच मोजत होते), आणि दोघंही एकदमच बुडाले. दुसऱ्या डावालाही तेच.

"बाबा, मेरिनला काढा तिथून. त्याला धरून ठेवलात तर दोघं जातात. तो पलीकडे पोचला की घर जिंकतं."

"आणि म्हातारा?"

"म्हातारा बुडतो. पण डाव आपला."

"हा कसला नियम!"

"खेळ आहे, बाबा."

ह्यांनी मेरिनचा मोहरा बोटांत धरला होता. खाली ठेवत नव्हते. पुराचा आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. आणि मग ते बोलले, पटाकडेच बघत.

"रोज लोक येतात माझ्याकडे. कुठून कुठून येतात. बापासाठी येतात. मी त्यांचं करतो. माझं कोण करणार आहे? मुलगा समुद्रापलीकडे. तो ओल्द्रन त्या पाण्यात बसला होता ना एकटा, मला त्याचं काय वाटलं तुला कळलं नाही तेव्हा."

"बाबा, मी येईन ना परत."

"मेरिनही तसंच म्हणाला होता."

निनादचे डोळे भरले. माझेही. इतके महिने घसा कशानं बसला होता ते मला आत्ता कळत होतं, आणि मी आपली त्याला पथ्य सांगत होते. येईन म्हणाला तरी तो येणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमच्या इमारतीत किती जणांची मुलं गेली आहेत, त्यातलं कोण परत आलं? निनादनं पुन्हा "येईन" म्हटलं नाही, याचं मला बरंच वाटलं.

मग ह्यांनी तिसरा डाव मांडला आणि पहिल्याच खेळीला मेरिनला होडीत बसवला. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, घाई न करता. निनाद पत्ते उलटत होता. एकदा मेरिन सापडत होता, तर निनादनं पत्ता दाबून ठेवायचा प्रयत्न केला. हे ओरडले, "नीट खेळ!" मेरिन काठाला लागला तेव्हा राजाच्या बेटावर पाणी आलेलं होतं. निनादनं राजाचा मोहरा आडवा केला. ह्यांनी तो परत उभा केला, पुसला आणि खोक्यात ठेवला.

"जिंकलो का?"

"जिंकलात."

मी चहा टाकायला वळले तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "तिथे नदी आहे का?"

"कुठे?"

"तू चाललास तिथे."

"आहे की. होस्टेलच्या मागेच आहे."

"वाहती?"

"बाबा, नदी म्हणजे वाहतीच असते."

"तसं काही नाही. लोक कशालाही नदी म्हणतात. वाहती असली म्हणजे झालं. पाणी कुठलंही चालतं."

दुसऱ्या दिवशी पूर ओसरला, घाटावर गर्दी लोटली, आणि ह्यांना मुंबईला विमानतळावर जाता आलं नाही. निनाद पाया पडला तेव्हा ह्यांचा घसा खरोखरच बसलेला होता. डोक्यावर हात ठेवून नुसती मान हलवली आणि दर्भाची जुडी घेऊन पुढे निघून गेले. खोका निनादनं इथेच ठेवला.

तो परत आला नाही, म्हणजे राहायला आला नाही. शिक्षण झालं, तिथेच नोकरी लागली. नाताळच्या सुट्टीत कधी येतो, पोटभर जेवतो, जातो. मला त्याची आठवण येते आणि मी ती बोलून दाखवते, त्यात लपवायचं काय? बापलेकांचं मात्र पुन्हा सुरू झालं. फोनवर डाव चालतो. पट आमच्या टेबलावर, निनाद तिकडून खेळी सांगतो, हे दोन्हीकडचे मोहरे हलवतात आणि निनादला फसवतात असा माझा संशय आहे. वर्षभर कधीमधी, पण पक्षात रोज. आवाज बसलेला असला की हे खेळी बोटांनी दाखवतात.

काल सर्वपित्री झाली. संध्याकाळी हे येऊन टेकले, समोर अर्धा राहिलेला डाव, आणि निनादचा फोन वाजला. पडद्यावर वारा, झाडं, मागे राखाडी पाणी. जेवणाच्या सुट्टीत नदीवर आला होता.

"बाबा, यंदा ओल्द्रनला मी पाणी देऊ का? दरवर्षी तुम्हीच देता."

हे सावरून बसले. घाटावर बसतात तसे. "तिळाला हात लावायचा नाही. बाप जिवंत असताना तुला ते नाही. नुसतं पाणी घे."

"हो. आणि गोत्र काश्यप?"

"काश्यप."

"बोरासचा नातू म्हणू की वाल्गरचा?"

"बोरासचाच म्हण. इतकी वर्षं त्याच नावानं पोचतंय."

निनादनं फोन कुठेतरी दगडाला टेकवून ठेवला, वाकला, ओंजळ भरली. त्या पोरानं हा विचार कधीपासून केला असेल कोण जाणे. तो राजासाठी वाकलेला नव्हता. मला कळलं, ह्यांनाही कळलं. ह्यांनी फोन इतका जवळ धरला होता की नाक टेकेल.

"थांब! बोटांवरून सोडू नकोस. ते देवांचं. अंगठ्याच्या बाजूनं सोड. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, त्यांच्या मधून."

"असं?"

"आणखी तिरका हात कर. हां. आता सोड."

पाणी पडलं. आवाज काही ऐकू आला नाही, वाराच फार होता.

"जमलं," हे म्हणाले. "लक्षात ठेव."

"ठेवतो, बाबा."

मग ह्यांनी चष्मा पुसला आणि पट पुढे ओढला. खेळी निनादची होती.